डोक्यावरून चहा

डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे ते महत्त्वाचे, असे सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बहुधा काहीच नसते. मी हे वाक्य गेली सहा वर्षे सांगतो आहे. बँकेत मुदतीआधी ठेव मोडायची तर ठेवीदाराला निदान एक अर्ज तरी द्यावा लागतो. माझ्या केसांनी तेवढीही रीत पाळली नाही. चार दिवस कंगव्यात दिसले आणि खाते बंद.

मग केसांवर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी तरी विचारणारच. पुण्यात अधिकार विचारल्याशिवाय कोणी कोणाचे ऐकत नाही. माझे म्हणणे असे की, ज्याचा मालात काडीचाही हितसंबंध उरलेला नाही तोच माणूस हिशेब तपासायला योग्य. मी बी. कॉम. झालो तेव्हा हिशेबतपासनिसाची व्याख्या साधारण अशीच शिकवली होती.

तपासायचा हिशेब चहाचा आहे. गेल्या दिवाळीला माझी धाकटी बहीण आली आणि आपल्या वहिनीला कानमंत्र देऊन गेली. न्हाऊन झाले की शेवटचा तांब्या साध्या पाण्याचा न घेता गार केलेल्या कोऱ्या चहाचा घ्यायचा. केसांना चमक येते, गळायचे थांबतात, कोंडा जातो आणि मन प्रसन्न राहते. तेव्हापासून आमच्या घरी दोन चहा होतात. एक प्यायचा, एक न्हायचा. न्हायच्या चहात साखर नसते. मला डॉक्टरांनी दम दिलेला असल्यामुळे प्यायच्या चहातही नसते. फरक एवढाच की, न्हायच्या चहात मेथी, कढीपत्ता, जास्वंदीची पाने आणि हल्ली रोझमेरी नावाची परदेशी काडी पडते. म्हणजे दोहोंत जास्त खर्चाचा चहा मोरीत जातो.

या चहाने पोटातून डोक्यापर्यंत मजल कशी मारली, याचा मी शोध घेतला. त्यात जे सापडले ते नुसते चहाचे निघाले नाही.

पुण्यात चहावरून सर्वांत मोठे रण माजले ते १८९० साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि ते संपल्यावर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळी साधीसुधी नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचा मान राखायचा म्हणून पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. हा घाट घालणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव. स्वभावाने मोठे खट्याळ. त्यांनी हजर मंडळींची नावे पुढे धाडली आणि ‘पुणे वैभव’ पत्राने ती छापून टाकली. मिशनऱ्यांकडचा चहा! झाले, ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री बसले, कोणाला किती प्रायश्चित्त याचा खल झाला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले, आणि घेतले म्हणून त्यांचे सुधारक मित्र रागावले ते वेगळेच. एक कप चहाला एवढे व्याज मी आमच्या कर्जविभागातसुद्धा पाहिलेले नाही.

शास्त्रोक्त प्रायश्चित्ताचा तपशील पाहिला तर त्यात पंचगव्य आणि दक्षिणा यांच्या जोडीला क्षौरही सांगितलेले असते. म्हणजे चहा जायचा पोटात आणि वसुली व्हायची डोक्यावरून. हल्ली चहा सरळ डोक्यावरच ओततात, मधला सगळा व्यवहार वाचला.

आता हा चहा यायच्या आधी पुण्यातल्या बायका न्हायच्या कशाने? तर शिकेकाईने. येथे ‘न्हाणे’ आणि ‘अंघोळ’ यांत गल्लत करू नये. अंघोळ रोजची, न्हाणे म्हणजे डोक्यावरून. त्याला वार लागे. कोणत्या वारी न्हायचे नाही याचे नियम घरोघर निराळे होते, आणि सगळ्या घरांचे नियम एकत्र केले असते तर आठवड्यात न्हायला एकही वार उरला नसता.

तयारी आदल्या रात्रीपासून. शिकेकाईच्या शेंगा ठेचायच्या, बिया काढायच्या, रिठे फोडायचे, आवळकाठी, मेथी, संत्र्याची वाळवलेली साल, नागरमोथा, गव्हला-कचोरा, ज्याची जशी ऐपत आणि हौस तसे घालून भिजत टाकायचे. सकाळी ते आदण चुलीवर चढायचे. वाडाभर वास सुटायचा आणि कोणाकडे आज न्हाणे आहे ते चौकात न विचारता कळायचे. मग गाळायचे, घंगाळात ओतायचे, पाटावर बसायचे, आणि दुसऱ्या कोणी तरी मागे उभे राहून केस चोळायचे. ही दुसरी व्यक्ती फार महत्त्वाची. कमरेखाली पोचणारे केस एकटीने धुता येत नाहीत. शिकेकाई डोळ्यांत गेली की पोरी जो टाहो फोडत, तो तीन घरांपलीकडे ऐकू जाई. माझ्या मते पेठांतल्या लोकांचा आवाज तिथूनच तयार झाला असावा.

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. पाण्यात घुसळले की फेस धरते आणि तेल-मळ सोडवते. म्हणून तर सोनार दागिने रिठ्याने उजळत आणि घरातले शालू, शाली रिठ्याच्या पाण्यात धूत. जी गोष्ट शालूला चालते ती केसांना चालणारच, एवढे तर्कशास्त्र आपल्या बायकांना कोणत्याही संहितेवाचून येत होते. संहिता होत्याच म्हणा. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना स्पष्ट लिहून ठेवले आहे की, ऊन पाणी गळ्याखाली घेतले तर बळ देते, तेच डोक्यावरून घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरवते. सल्ला उत्तम. पण जानेवारीत पहाटे मोरीत बसलेल्या माणसाला तो सांगायला स्वतः वाग्भटाने पुण्याला यायला हवे होते. बंब शोधून काढणाऱ्याने वाग्भट वाचला नव्हता याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

दरम्यान, आपल्याकडची एक गोष्ट गुपचूप विलायतेला गेली. दीन महंमद नावाचे एक गृहस्थ, जन्म पाटण्याचा, १७५९ सालचा. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडले, आयर्लंडात गेले, संसार केला आणि शेवटी इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी दुकान थाटले. दुकान कसले, तर औषधी वनस्पतींच्या वाफेत माणसाला बसवून त्याचे अंग चांपून देण्याचे. चांपणे म्हणजेच चंपी, आणि साहेबाच्या तोंडी त्याचे झाले शांपू. १८२२ साली त्यांनी या विषयावर पुस्तकही काढले. इकडे पेशवाई बुडून चार वर्षे झाली होती आणि तिकडे इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एका पाटणेकराकडून अंग चोळून घेत होता. इतिहासाची पाने उलटताना असा एखादा चहासारखा तरतरी आणणारा घोट अधूनमधून मिळतो.

पुढे शांपूचा अर्थ अंगावरून सरकत सरकत डोक्यावर गेला. पण साहेबाच्या देशात न शिकेकाई, न रिठे. डोके धुवायचे ते साबणाने. साबण पडला अल्कली. केसांचे खवले त्याने उघडे पडतात, आणि पाणी जड असेल तर साबणातला अंश पाण्यातल्या चुन्याशी हातमिळवणी करून केसांवर चिकट राप धरतो. तो काढायला मग शेवटच्या पाण्यात व्हिनेगर, नाही तर लिंबू. सोनेरी केसांना कॅमोमाइलच्या फुलांचा काढा, काळ्यांना रोझमेरीचा, सेजचा. आमच्या घरी आज जो शेवटचा तांब्या चालू आहे त्याचे मूळ गोत्र हे. आधी साबणाने बिघडवायचे आणि मग काढ्याने सावरायचे. आमच्याकडे एका खात्यातले कर्ज फेडायला दुसरे काढतात, त्यातलाच प्रकार.

शिकेकाईला हे दुसरे खाते लागत नसे. तिचे पाणी मुळातच जरा आंबट. धुणे आणि सावरणे एकाच घंगाळात व्हायचे. फार तर माक्याचा रस किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस, तोही हौसेचा. पण १८८८ साली सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, पुढे देशी साबणही निघाले, आणि साबण घराघरांत शिरला. त्याला ना भिजत घालावे लागे, ना ठेचावे, ना गाळावे. तिकडे बर्लिनमध्ये १९०३ साली हान्स श्वार्झकोफ या दुकानदाराने केस धुण्याची पूड पुडीत बांधून विकायला काढली आणि १९२७ साली पातळ शांपू बाटलीत भरला. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतल्या मंडळींनी तोच शांपू पुन्हा पुडीत घालून खेड्यापाड्यांत पोचवला. आता त्या पुडीवर शिकेकाईच्या शेंगेचे चित्र असते. आत शेंग किती आणि चित्र किती हे ज्याचे त्याने वाचावे, अक्षर मुंगीएवढे असते.

बरे, चहा केसांना काही करतो की नाही? एवढे वाचून कोणी भगिनी हा प्रश्न विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. चहात टॅनिन असते. तुरट. ते केसावर बसते, केस जरा ताठ होतो, किंचित काळपटही दिसतो. हेच टॅनिन लोखंडाला भेटले की काळे ठिक्कर पडते. म्हणून मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवतात आणि आवळकाठी लोखंडी भांड्यात ठेवतात. युरोपात माजूफळ आणि हिराकस यांची जी शाई शतकानुशतके दप्तरांत चालली ती याच तत्त्वावर. म्हणजे आमची जुनी खतावणी आणि आमच्या शेजारच्या काकूंचे केस यांचा रंग एकाच रसायनाचा आहे. दोन्ही टिकाऊ असतात हे मी कबूल करतो.

राहिले केस उगवण्याचे. २००७ साली जर्मनीत काही संशोधकांनी टक्कल पडत असलेल्या पुरुषांच्या केसांची मुळे काचेच्या बशीत ठेवून त्यांना चहा-कॉफीतले कॅफीन दिले, तर ती वाढली. बातमी चांगली आहे. पण माझे केस बशीत नव्हते. शिवाय बशीतले मूळ दिवसेंदिवस त्या औषधात बसून असते. तांब्यातला चहा डोक्यावर दोन मिनिटे थांबतो आणि मोरीत जातो. रोझमेरीचे तेल २०१५ साली इराणात सहा महिने लावून पाहिले, त्याचा थोडा गुण आला म्हणतात; पण तेल म्हणजे काढा नव्हे आणि सहा महिने म्हणजे दिवाळी ते संक्रांत नव्हे. माझा निर्णय असा: चमक येते, जमा करावी, केस येतात हे येणे बुडीत समजावे.

येथवर हिशेब गमतीचा होता. पण त्यात एक खाते असे निघाले की, ज्यात सगळा खर्च आहे आणि जमेला काहीच नाही.

आमची आजी १९४२ साली लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आली. त्या घरात शिकेकाईचे खाते आजोबांच्या आत्याकडे होते. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. अकराव्या वर्षी नवरा गेला, पुढे दोन वर्षांत केस गेले, आणि मग सगळा जन्म आलवणात. पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येई. तर घरातल्या एकूण एक बायकांचे न्हाणे आत्याबाई करीत. शेंगा त्या ठेचीत, आदण त्या ठेवीत, बोट बुडवून पाणी पुरे झाले की नाही ते त्या सांगत, आणि पाटावर बसलेलीच्या मागे उभ्या राहून केस चोळीत त्याही त्याच. आजी म्हणे, “त्यांच्यासारखा गुंता कोणाला सोडवता येत नसे. एक केस तुटू द्यायच्या नाहीत.”

मी शाळेत असताना आजीने मला त्यांचे माप सांगितले होते. दीड पावशेर शिकेकाई, दोन मुठी रिठे, एवढे सात जणींना पुरे. मला तेव्हापासूनच बेरजेची खोड. मी म्हटले, सात कोण कोण? आजीने बोटांवर नावे मोजली. थोरल्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई, सासूबाई, दोन नणंदा, एक पुतणी, स्वतः आजी. सात झाल्या.

“आणि आत्याबाई?”

“त्यांना कशाला लागत होती?” आजी म्हणाली. मग बराच वेळ सुपारी कातरत बसली आणि म्हणाली, “हाताला मात्र त्यांच्या वास यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत.”

ज्या १८९० साली पुण्यातले शहाणे लोक चहाच्या पेल्यावर शास्त्रार्थ करीत होते, त्याच साली मुंबईत न्हाव्यांची एक सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतलेला. गिरणी कामगारांचे पुढारी, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. शेकडो न्हावी जमले आणि त्यांनी ठरवले की, यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. मी आयुष्यभर धंद्यांची खाती पाहिली आहेत. आपण होऊन बांधलेले गिऱ्हाईक सोडायचा ठराव धंदेवाल्यांनी केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. शास्त्र्यांना जे पोथीत सापडत नव्हते ते या लोकांना हातातल्या वस्तऱ्याने कळले होते. अर्थात ठराव मुंबईला झाला. आमच्या मागच्या दाराशी न्हावी त्यानंतरही साठ वर्षे येत राहिला.

आणि पार्वतीबाई आठवले. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया, त्यांच्या या बहीण. याही विधवा, याही केस काढलेल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षे गावोगाव वर्गणी गोळा करीत त्या तशाच हिंडल्या. त्या वेषाने सोवळ्यातल्या घरांची दारे उघडत असणार, आणि पैसा त्याच घरांत होता. मग १९१२ च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी वपन थांबवले आणि केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. चाळिशी उलटल्यावर माझे केस गेले तर घरातल्यांनी माझी थट्टा केली, आणि मी ती आनंदाने ऐकून घेतली. बाईने त्याच वयात केस येऊ दिले तर गावाने काय काय बोलावे, याचा अंदाज करायला पुण्यात राहिलेल्या माणसाला पुस्तक लागत नाही.

सदाशिव पेठेतून हिंगणे चार मैल. आत्याबाई तिथे कधी गेल्या नाहीत. १९५३ साली वाड्यातच वारल्या. आजीने त्यानंतर घरात शिकेकाई उकळायची बंद केली. साबणाच्या वडीवर आली. मला लहानपणी वाटे, आजीला कंटाळा आला असेल.

ते घंगाळ आता आमच्या बाल्कनीत आहे. त्यात जास्वंद लावली आहे. फुले देवाला आणि पाने डोक्याला, अशी आमच्या हिची आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची वाटणी ठरलेली आहे. पावसाळ्यात पाने कमी फुटली की बोलणे बंद होते, भाद्रपदात कळ्या धरल्या की पुन्हा सुरू होते.

गेल्या महिन्यात आमची कन्या कॉलेजातून येताना केस कापून आली. कानाच्या पाळीपर्यंत. बारा वर्षांची वेणी, जिला हिने तेल, शिकेकाई, माका आणि अलीकडे चहा घालून वाढवली होती, ती एका दुपारी गेली. कोणाला विचारले नव्हते. ही दारातच उभी राहिली. मला वाटले, आता पंचहौद प्रकरण उभे राहणार. पण हिने मुलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, मागून पाहिले, पुढून पाहिले आणि म्हणाली, “किती घेतले?”

“साडेचारशे. धुऊन पण दिले.”

“कशाने?”

“टी-ट्री शांपू होता.”

“बघा!” ही माझ्याकडे वळून म्हणाली. “म्हणजे चहाच ना?”

मी सांगितले की, नाही. ते झाड ऑस्ट्रेलियातले. अठराव्या शतकात कॅप्टन कूकचे खलाशी तिकडच्या समुद्रात गेले होते. चहा संपल्यावर माणूस काय करील ते सांगता येत नाही. त्यांनी तिथल्या कसल्याशा झुडपाची पाने उकळून प्याली, आणि तसल्या झाडांना चहाचे झाड म्हणायची पद्धत पडली. खऱ्या चहाशी त्याचा काही संबंध नाही.

“मग साडेचारशे कशाचे घेतले?” ही म्हणाली, आणि न्हायच्या चहाचे पातेले गॅसवर ठेवायला आत गेली.